जरा प्रीमियम वाटू दे

कंपनीच्या आतल्या पोर्टलवर माणसं तीन गोष्टींसाठी जातात: पगाराची स्लिप, शिल्लक रजा आणि आज कँटीनला काय आहे. पहिल्या दोन महिन्यातून एकदा, तिसरी रोज, साडेअकराच्या ठोक्याला. त्यापलीकडेही पोर्टलवर पुष्कळ काही असतं. चेअरमनसाहेबांचा संदेश असतो, 'आपली मूल्ये' असतात, क्वालिटी पॉलिसी असते, रक्तदान शिबिराचे फोटो असतात (रक्त देणारे कमी, बिस्किटाचा पुडा धरून उभे राहिलेले जास्त). ह्यातलं काहीही कोणी उघडत नाही. आयएसओचा ऑडिटर गेटवर आल्याचा फोन आला, की क्वालिटी पॉलिसी तेवढी सगळे एकदम उघडतात आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बसतो.

असं असूनही 'पोर्टलचं रूप बदलणे' ह्या विषयावर मीटिंग लावून बघा, बाहेरून खुर्च्या आणाव्या लागतात. रजेचा नियम बदलणं कोणाच्या हातात नसतं. कँटीनचा कंत्राटदार बदलणं तर चेअरमनसाहेबांच्याही हातात नसतं. पण हेडिंग निळं असावं की हिरवं, ह्यावर शिपायापासून जनरल मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला मत असतं आणि ते दिल्याने कोणाचं इन्क्रिमेंट अडत नाही. लोकशाही एवढ्या स्वस्तात मिळत असेल तर कोण सोडणार?

आमची कंपनी भोसरीची, गाड्यांचे सुटे भाग करणारी. गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. पोर्टल तयार विकत घेतलेलं होतं. अशी तयार पोर्टलं कुठल्याही कंपनीची असली तरी येताना एकाच पोशाखात येतात: वर फिकट निळी पट्टी, डाव्या हाताला यादी, मधे मोकळं मैदान. पण त्यांना आपला अंगरखा चढवायची सोय असते. शेअरपॉइंट ह्या तयार पोर्टलच्या २००७ सालच्या आवृत्तीत साइटच्या सेटिंगमध्ये चक्क एक रकाना होता, त्यात आपल्या स्टाइलशीटचा, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलीचा, पत्ता टाकायचा. मूळची हजारो ओळींची फाइल तशीच राहते, तिच्यानंतर आपली वाचली जाते, आणि आपण आपल्या फाइलीत मूळचं एकेक कलम रद्द करत जायचं. 'मथळा निळा' असं त्यांनी लिहिलंय? आम्ही म्हणतो 'मथळा लाल'. मजकुराला हात लागत नाही, फक्त दिसणं बदलतं. एखाद्या कंपनीचा कारभार बदलण्याची जी सर्वमान्य पद्धत आहे, तीच ही.

हे काम आयटीतल्या एका नव्या पोराकडे आलं. नवा होता म्हणूनच आलं. त्याला मदत म्हणून एक कमिटी नेमली गेली: एचआरच्या मॅडम, मार्केटिंगचे साहेब, बाहेरून आणलेल्या ब्रँड एजन्सीचा एक मुलगा, आणि डॉक्युमेंटेशनमधून मी, कारण मिनिट्स कोणीतरी लिहायला हवेत. एमडीसाहेबांनी पहिल्या दिवशी येऊन एकच सूचना केली, "जरा प्रीमियम वाटू दे," आणि ते प्लँटच्या राउंडला निघून गेले. पुढे कित्येक आठवडे आम्ही त्या वाक्यावर भाष्यं लिहीत बसलो.

सुरुवात रंगापासून झाली. पोराने कौतुकाने सांगितलं, की सीएसएसमध्ये, म्हणजे स्टाइलशीटच्या भाषेत, एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त रंग लिहिता येतात, आणि त्यांतल्या सुमारे दीडशे रंगांना नावंसुद्धा आहेत. नावं त्याने पडद्यावर दाखवली. टोमॅटो होता, पपाया व्हिप होता, लेमन शिफॉन होता. मार्केटिंगच्या साहेबांना हा कँटीनचा मेनूच चुकून लागला असं वाटलं. मॅडमनी यादी वरपासून खालपर्यंत नीट वाचली आणि विचारलं, "ह्यात चिंतामणी कुठाय?"

पोरगं गप्प.

"बरं, अबोली? आमसुली? अरे, साधा मोरपंखी तरी?"

साडीच्या दुकानात उभं आयुष्य काढलेला माणूस चिंतामणी आणि मोरपंखी यांतला फरक पंख्याच्या वाऱ्यावर पदर हलला तरी सांगतो. संगणकाच्या पोटात कोटीभर रंग आहेत, पण त्यात अबोली नेमका कुठे बसला आहे हे सांगणारं कोणी नाही. शेवटी मॅडम घरून एक जुनी साडी घेऊन आल्या, तिचा काठ स्कॅनरवर ठेवला आणि त्यातून आकडा काढला. पडद्यावर तो रंग वेगळाच दिसला. प्रोजेक्टरवर तिसराच. प्रिंट काढल्यावर मॅडम म्हणाल्या, "हा तर वांगी झाला." मग सगळ्यांनी सुरक्षित मार्ग धरला आणि करड्यावर मतैक्य झालं. त्यातही मार्केटिंगचे साहेब म्हणाले, "ग्रे नको, फिका वाटतो. डार्क ग्रे घ्या." सीएसएसमधला 'डार्कग्रे' हा साध्या 'ग्रे'पेक्षा फिका आहे. ह्यात थट्टा नाही. एचटीएमएलचे रंग एका घराण्यातून आले आणि बाकीची लांबलचक यादी एक्स-इलेव्हन नावाच्या दुसऱ्याच घराण्यातून. सोयरीक झाली तेव्हा कुंडल्या कोणी बघितल्या नाहीत. पोराने डार्कग्रे लावला, पान आणखी फिकं झालं, आणि साहेब समाधानाने म्हणाले, "बघा, आता कसं भारदस्त वाटतंय!"

त्या यादीत एकच नाव असं आहे, की त्यावर विनोद करवत नाही. ते २०१४ साली जोडलं गेलं: रिबेकापर्पल. सीएसएसवर पुस्तकं लिहून जगाला ती शिकवणारे एरिक मायर ह्यांची मुलगी रिबेका त्या वर्षी तिच्या सहाव्या वाढदिवशी गेली. जांभळा तिचा आवडता रंग. सहा वर्षांची झाल्यावर मला बेका म्हणायचं नाही, पूर्ण रिबेका म्हणायचं, असं तिने बजावून ठेवलं होतं, म्हणून रंगाचं नावही पूर्ण आहे. हे सांगितल्यावर कमिटी थोडा वेळ खरोखर शांत बसली. मिनिट्समध्ये मी ते लिहिलं नाही.

आता ह्या सगळ्या भांडणाचं मूळ कुठे आहे, तर जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधन संस्थेत. तिथे काम करणाऱ्या हॉकोन व्हिउम ली ह्या नॉर्वेजियन माणसाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी स्टाइलशीटचा पहिला मसुदा मांडला. (पुढे त्याच्या जोडीला जो डच सहकारी आला त्याचं नाव बर्ट बॉस. कार्यालयीन वापराच्या वस्तूला एक तरी बॉस लागतोच.) त्या पहिल्या मसुद्यात एक विलक्षण कल्पना होती. प्रत्येक नियमापुढे टक्केवारी लिहायची. मोठा मथळा २४ पॉइंटांचा, १०० टक्के. म्हणजे ह्यात दुसऱ्या कोणाचं काही चालणार नाही. त्याखालचा मथळा २० पॉइंटांचा, ४० टक्के. म्हणजे माझा आग्रह एवढाच, उरलेलं बाकीच्यांनी वाटून घ्या. आणि बाकीच्यांत कोण, तर पान लिहिणारा आणि पान वाचणारा. वाचणाऱ्यालाही वाटा! मला ही कल्पना वाचून त्या माणसाबद्दल आदर वाटला आणि त्याने कधी भारतीय कमिटीत काम केलं नसावं अशी खात्रीही पटली. आमच्याकडे टक्के लिहायचे ठरले असते तर एमडींचे १००, मॅडमचे १००, साहेबांचे १००, एजन्सीच्या मुलाचे बिल मंजूर होईपर्यंत १००, आणि वाचणाऱ्याला टीडीएस कापून शून्य.

ती टक्केवारी पुढे टिकली नाही. १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती आली, तिच्यात टक्क्यांच्या जागी सरळ उतरंड होती. साध्या टॅगच्या नियमावर क्लासचा नियम मात करतो, क्लासवर आयडीचा. बरोबरी झाली तर शेवटी बोललेला जिंकतो. आयडी म्हणजे पानावर एकमेव असलेली व्यक्ती, साहेब. क्लास म्हणजे वर्ग, कामगार. शंभर क्लास एकत्र आले तरी एका आयडीचं काही वाकडं होत नाही. पण गंमत अशी, की काही ब्राउझरांत ही मोजदाद आठ बिटांत ठेवलेली होती, आणि २५५च्या पुढे आकडा गेला की तो उतू जाऊन वरच्या रकान्यात पडायचा. म्हणजे एकाच नियमात २५६ क्लास ओळीने उभे केले, तर एक आयडी पडायचा! हे २०१२ साली लोकांच्या ध्यानात आलं. मी हे जेवणाच्या टेबलावर युनियनच्या सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "हे आपल्याकडे लागू आहे का?"

उतरंडीत ज्याचं चालत नाही त्याच्यासाठी एक शेवटचं अस्त्र ठेवलेलं आहे. नियमाच्या शेवटी उद्गारचिन्ह देऊन लिहायचं: !इम्पॉर्टंट. मग तो नियम बाकी सगळ्यांच्या वर. शहाण्याने हे अडीअडचणीला वापरावं अशी अपेक्षा. पण ज्या देशात फाइलीवर 'तातडीचे', त्यावर 'अतितातडीचे' आणि त्यावर 'आजच' असे शिक्के पडतात, तिथे एका उद्गारचिन्हाने काय होणार? एमडी म्हणाले लोगो मोठा हवा. लोगो !इम्पॉर्टंट झाला. मॅडम म्हणाल्या वाढदिवसांची पट्टी लोगोच्या वर हवी. तीही !इम्पॉर्टंट झाली. महिन्याभरात फाइलीत महत्त्वाचं नाही असं एकच कलम उरलं आणि ते कँटीनच्या मेनूचं होतं.

ह्याच काळात मी पोराच्या खांद्यावरून ती फाइल पहिल्यांदा नीट वाचली. आधीचे दोन-तीन जण नोकऱ्या सोडून गेले होते, पण त्यांची कलमं जागच्या जागी होती. जुन्या वाड्याच्या भिंतीला दर दिवाळीत आधीचा चुना न खरवडता नवा हात मारावा, तसे थर. एका ठिकाणी टीप होती: 'तात्पुरतं. उद्या काढायचं.' तिच्याखाली दुसऱ्या हाताची टीप: 'काढून बघितलं. पगाराची स्लिप दिसेना. काढू नये.' 'लालपट्टी' नावाचा एक क्लास होता, त्याचा रंग निळा. 'डावारकाना' उजवीकडे होता. लोगो बदलला तेव्हा रंग बदलले, पण नावं बदलायची तर शंभर पानांतून बदलावी लागतात, म्हणून कोणी त्या वाटेला गेलं नाही. नाव एक आणि काम भलतंच, ह्याची आम्हाला सवय असते. आमच्याकडे 'टेम्पररी स्टोअर' नावाची इमारत आहे, तिच्यात भट्टी आहे.

सणांचं प्रकरण वेगळंच. गणपतीत पोर्टलच्या मागे फिकट मोदक आले. खंडेनवमीला यंत्रांवर झेंडू चढतो, तर पोर्टलला का नको, म्हणून वर झेंडूचं तोरण आलं. पंधरा ऑगस्टला तिरंगा: वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा; आणि मधल्या पट्ट्यातली अक्षरं आधीपासूनच पांढरी. त्या दिवशी सगळ्यांना शिल्लक रजेच्या जागी कोरी जागा दिसली आणि दोघांनी ती स्वातंत्र्य म्हणून घेतली. सणाची सजावट चढवायचं तिकीट वेळेवर येतं, उतरवायचं कोणी काढत नाही. आकाशकंदील होळीपर्यंत लोंबत होता.

मराठीचे हाल मात्र माझ्या मनाला लागले. एजन्सीच्या मुलाने मथळ्यांच्या अक्षरांत अंतर वाढवलं होतं, त्याने म्हणे प्रीमियम वाटतं. इंग्रजीत वाटतही असेल. २७ फेब्रुवारीला मराठी दिनाचा मथळा लागला तेव्हा शिरोरेषा जागोजागी तुटली आणि प्रत्येक अक्षर आपापली वीतभर रेघ डोक्यावर घेऊन, एकमेकांशी बोलणं टाकलेल्या भावंडांसारखं उभं राहिलं. ओळीची उंचीही इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधलेली होती. देवनागरीला वर मात्रा, रफार, वेलांट्यांसाठी माळा लागतो आणि खाली उकारांसाठी तळघर; ते सगळं कापलं जाऊन 'शुभेच्छा'च्या 'शभच्छा' झाल्या. त्यात मार्केटिंगच्या साहेबांनी इंग्रजी मथळा मोठ्या लिपीत आहे तर मराठी मागे का, असं विचारलं. "मराठीसुद्धा कॅपिटलमध्ये करा." पोराने हुकूम पाळला, मथळ्याला सगळी अक्षरं कॅपिटल करायचा नियम लावला. देवनागरीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. साहेबांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "हां, आता बरं दिसतंय."

प्रत्येक बदलानंतर एक विधी असतो. एमडींचा फोन येतो, "मला तर जुनंच दिसतंय." पोरगं म्हणतं, "सर, कंट्रोल-एफ-फाइव्ह मारा." ब्राउझर जुनी स्टाइलशीट सांभाळून ठेवतो, त्याला ती टाकून द्यायला सांगावं लागतं. एमडी कंट्रोल सोडून नुसतं एफ-फाइव्ह मारतात, कधी एफ-फोर. मग पोरगं धावत तिसऱ्या मजल्यावर जातं, दोन कळा एकत्र दाबतं आणि पुन्हा खाली येतं. त्याच्या पगारातला बराचसा भाग ह्या दोन कळांचा होता असं माझं मत आहे.

आता परचेसच्या काकांबद्दल. काका निवृत्तीला टेकलेले, जाड बायफोकल, आणि पोर्टलशी त्यांचा संबंध व्हेंडर लिस्ट आणि मेनू इतकाच. करड्यावर करडी अक्षरं त्यांना दिसेनात. झूम वाढवला की डावारकाना मेनूवर येऊन बसायचा. कमिटीत त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर ते आले नसते. परचेसचा माणूस कोटेशन आल्याशिवाय मत देत नाही. ते सरळ पोराकडे गेले. "बाळा, मला मेनू वाचता येईल असं काहीतरी कर."

पोरगं त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यांदा उतरलेलं होतं. त्याने काकांच्या ब्राउझरच्या ऑप्शनमध्ये आतल्या आत असलेली ॲक्सेसिबिलिटीची खिडकी उघडली. तिथे स्वतःची स्टाइलशीट जोडायला जागा होती, आणि त्या ब्राउझरच्या जन्मापासून आमच्या कंपनीत तिच्यात कोणी डोकावलं नव्हतं. लीसाहेबाने वाचणाऱ्याला देऊ केलेला वाटा असा एका कोपऱ्यात पडून राहिला होता. वरचा कायदाही काकांच्या बाजूने होता. १९९६च्या आवृत्तीत पान लिहिणाऱ्याचं !इम्पॉर्टंट आणि वाचणाऱ्याचं !इम्पॉर्टंट भिडले तर लिहिणारा जिंकायचा. मे १९९८मध्ये दुसरी आवृत्ती आली तिने हे उलटं करून टाकलं, मुख्यतः ज्यांना मोठी अक्षरं किंवा वेगळे रंग लागतात त्यांच्यासाठी. म्हणजे एमडी, मॅडम आणि एजन्सी ह्यांची एकत्रित बेरीज एका काकांपुढे फिकी.

पोराने दहा-बारा ओळी लिहिल्या. सायीच्या रंगाच्या पार्श्वभूमीवर ठसठशीत काळी अक्षरं. संदेश नाही, मूल्यं नाहीत, कंदील नाही. जे हलतं, उडतं किंवा तरंगत वर येतं ते सगळं अदृश्य. मेनू पहिल्या ओळीत. काका बघत राहिले आणि म्हणाले, "हे आधीच का नाही केलंत?" संध्याकाळपर्यंत परचेसच्या सगळ्या मशिनींवर ती फाइल गेली.

त्यानंतर मॅडमनी कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा सर्व्हे आणला. तो बाहेरच्या व्हेंडरचा होता आणि पोर्टल उघडलं की सगळ्यावर येऊन बसायचा. स्टाइलशीटमध्ये कोण कोणाच्या वर, हे झेड-इंडेक्सच्या आकड्यावर ठरतं. सर्वसाधारण माणसं १० देतात, उतावळी ९९९९. व्हेंडरने ब्राउझरांत चालणारा सर्वांत मोठा आकडा दिला होता: २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. फुली मारायला कोपरा नाही, सगळी उत्तरं भरल्याशिवाय सुटका नाही. अख्ख्या कंपनीने मेनूच्या ओढीने तो दोन मिनिटांत भरला, सगळीकडे 'पूर्णतः सहमत'. परचेसला तो कधी दिसलाच नाही, कारण जो दाखवायचाच नाही त्याचा आकडा कोण विचारतो.

निकालाचं प्रेझेंटेशन झालं. सगळ्या खात्यांचे हिरवे खांब, आणि परचेसच्या जागी काही नाही. शंभर टक्के मौन. सल्लागारांनी त्याला नाव दिलं 'तीव्र दुरावा', आणि उपाय सुचवला. परचेस खात्याला कंपनीच्या खर्चाने दोन दिवस पानशेतच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर नेण्यात आलं. रस्सीखेच झाली, डोळ्याला पट्टी बांधून एकमेकांच्या अंगावर पडण्याचा खेळ झाला, काकांना 'सर्वांत उत्साही सहभागी' म्हणून थर्मास मिळाला. सगळे कोवळं ऊन खाऊन, मासे खाऊन परत आले.

पुढच्या वर्षी सर्व्हेची तारीख लागली तसे स्टोअर्सचे दोघे जेवणाच्या सुट्टीत काकांच्या टेबलापाशी येऊन घुटमळू लागले. त्यांच्यामागे डिस्पॅचचा एक, त्याच्यामागे अकाउंट्सच्या मॅडम. "काका, ती तुमची फाइल जरा मिळेल का?"

काकांनी थर्मासमधला चहा कपात ओतला, बायफोकलवरून एकेकाकडे बघितलं आणि खालच्या ड्रॉवरमधून छापील पॅड काढून पुढे सरकवलं.

"इंडेंट भरा. तीन प्रतींत. आणि हेडची सही लागेल."